कॅम्परचा पंप कोरडा चालत होता

तुमच्या सदरातले अनुभव मी वाचते आणि बहुतेकांवर हसते. पिंपळाखाली बाई दिसली, जिन्यात पैंजण वाजले... मी दीक्षा घेतलेल्या घरातली. आमच्याकडे देवालाच जागा नाही, भुताला कुठून देणार? शाळा चौथीपर्यंत झाली, पण एवढं कळतं की माणूस मेला की संपला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून म्हातारी भ्रमिष्ट झाली असं कोणी म्हणू नये. म्हटलं तरी हरकत नाही.

आम्ही मूळ नागपूरचे. माझा मुलगा मिलिंद अमेरिकेत मिनेसोटामध्ये राहतो, ईडन प्रेरी नावाच्या गावात. कॉम्प्युटरवर काम करायचा. त्याने २००१ मध्ये मला आणि त्याच्या बाबांना इकडे आणलं. मिलिंदचे बाबा नागपूरला बसडेपोत मेकॅनिक होते. ज्या माणसाने पस्तीस वर्षं इंजिनाखाली काढली, त्याला रिकामं बसवलं तर तो आजारी पडतो. हे पण पडायला लागले होते. मग मिलिंदने जुना कॅम्पर घेतला. कॅम्पर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली — आत पलंग, शेगडी, ओव्हन, बेसिन, संडास, सगळं. उन्हाळ्यात लोक तलावावर नेऊन त्यात राहतात. मला त्याची हौस नव्हती. घरात चांगला पलंग असताना डास चावून घ्यायला कशाला जायचं? पण यांना म्हातारपणी खेळणं मिळालं. चार उन्हाळे आम्ही त्या खोक्यातून फिरलो.

त्यात एक पाण्याचा पंप होता, बेसिनच्या खालच्या कपाटात. बॅटरीवर चालायचा. नळ उघडला की टर्रर्र करून टाकीतलं पाणी ओढायचा. टाकी रिकामी असली की आवाज बदलायचा. चढायचा, खडखडायचा, दातावर दात घासल्यासारखा. तो आवाज आला की हे कुठेही असोत, जेवत असोत, ओरडायचे, "कोरडा चालला पंप! बंद करा, जळून जाईल!" आणि ताट सोडून पळायचे. चार उन्हाळ्यांत हे इतक्या वेळा झालं की तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

इथला हिवाळा वाईट. पाण्याचा एक थेंब नळीत राहिला तर त्याचा बर्फ होतो आणि नळी फाटते. म्हणून ऑक्टोबरमध्ये कॅम्पर हिवाळ्यासाठी बंद करावा लागतो. टाक्या रिकाम्या करायच्या, नळ्या कोरड्या करायच्या, गुलाबी रंगाचं अँटिफ्रीझ, म्हणजे न गोठणारं पाणी, घालायचं, गाद्या उभ्या करायच्या, फ्रीजचं दार उघडं ठेवायचं. उंदीर शिरू नयेत म्हणून भोकं बुजवायची. मग एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये नेऊन उभा करायचा, थेट एप्रिलपर्यंत. हे सगळं काम हे करायचे. त्यांचा एक नेम होता — बॅटरी सगळ्यात शेवटी काढायची. ते गुलाबी पाणी पंपानेच नळ्यांमधून खेळवायचे, त्याला बॅटरी लागायची. बॅटरी काढून तळघरात फळीवर ठेवली की हात धुवायचे आणि चहा मागायचे.

२००६ च्या फेब्रुवारीत हे गेले. हार्ट अटॅक. सकाळी बूट घालताना. मी रडले नाही. मला रडू येत नाही, मी काय करू?

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मिलिंद पहिल्यांदाच हे काम एकटा करायला निघाला. शेडवाला पाच वाजता बंद करणार होता. पुढच्या आठवड्यात बर्फ पडणार होतं. बाहेर बारीक पाऊस, बोटं वाकत नव्हती एवढी थंडी. मिलिंदने नवीन कॉम्प्रेसर आणला होता. त्याने हवा मारून नळ्या कोरड्या करायच्या असं इंटरनेटवर वाचलं होतं.

म्हणाला, "हवा मारली की पंप लागतच नाही. बॅटरी आधीच काढून टाकतो, एक काम संपलं."

मी म्हटलं, "तुझे बाबा शेवटी काढायचे."

"बाबांकडे कॉम्प्रेसर नव्हता ना आई."

सकाळी दहाला त्याने बॅटरी काढली आणि तळघरात नेऊन ठेवली. घरातून कॅम्परला जाणारी विजेची वायर गुंडाळून गॅरेजमध्ये खिळ्याला लावली. मी स्वतः पाहिलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, लक्षात ठेवा.

भोकं बुजवायचं काम माझ्याकडे आलं. वसंतात गादीच्या आत उंदराने घर केलेलं निघालं होतं, कापूस पार कुरतडलेला. मिलिंद म्हणाला, "आई, भोक दिसलं की बोळा." आमच्या वस्तीत मी जन्मभर हेच केलं. पावसाळा संपला की जुन्या लुगड्याच्या चिंध्या करायच्या आणि भिंतीतलं बीळ न बीळ ठासून बुजवायचं. मी माझी एक जुनी हिरवी सुती साडी फाडली. कॅम्परच्या खालून, चाकांजवळून, मागून, जिथे बोट गेलं तिथे बोळा ठोकला. बाजूला पत्र्याच्या जाळ्या होत्या, फटी होत्या, शेगडीच्या वर बाहेर निघणारं एक झाकण होतं — तेही. काठीने आत दाबले. काम चोख केलं. त्यातलं कोणतं भोक उंदराचं आणि कोणतं हवेचं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बारा-साडेबाराला जेवायला बसलो. बाबांची टोपी त्याला आतल्या कपाटात सापडली होती.

मी म्हटलं, "विकून टाक ते खोकं. बाप गेला, आता कोणासाठी सांभाळून राहिला?"

"माझ्यासाठी."

"तुला वेळ आहे का? पूर्ण उन्हाळ्यात एकदा तरी नेलास?"

प्रज्ञा, माझी सून, पुण्याची. मधे पडायची तिची सवय. "आई, अहो जाऊ द्या ना, आजच कशाला?"

"आज नाही तर कधी? एप्रिलपासून दारात उभं आहे. मढं ठेवल्यासारखं."

मिलिंदने ताट सरकवलं. "आई, तुला खरंच काहीच वाटत नाही का गं? एकदा रडली नाहीस तू. एकदा पण नाही."

"रडून टाकी रिकामी होते का? होत असेल तर रडते."

मला वाटलं होतं हसेल. त्याचे बाबा हसले असते. तो उठला, जॅकेट घेतलं आणि निघून गेला. कॅम्परचं दार धाडकन लागल्याचं आत ऐकू आलं. प्रज्ञा म्हणाली, "तुम्ही पण ना," आणि कपड्यांची टोपली घेऊन तळघरात गेली. ड्रायर सुरू झाल्याचा घुमारा खालून येत राहिला.

मी भांडी घासली. मग चहा केला, फक्त माझ्यासाठी. त्याला विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच कॅम्पर उभा होता, मधे पंधरा पावलं असतील. खिडक्यांच्या काचा आतून धुरकट झालेल्या दिसत होत्या. शेगडी पेटवली असेल असं मनात आलं. ऊब घेतो आहे, घेऊ दे. दोन वाजून गेले होते.

आणि पंप सुरू झाला.

आधी टर्रर्र. मग आवाज चढला. खडखड, दातावर दात. कोरडा. मी कप हातात घेऊन ऐकत बसले. क्षणभर मला काहीच वेगळं वाटलं नाही — पंप आहे, चालू आहे. मग वाटलं, हा मुद्दाम करतो आहे. मला चिडवायला. बाप ओरडायचा तसं मी ओरडत यावं म्हणून. बॅटरी तळघरात आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. राग आला की डोकं एवढंच चालतं.

मी बसून राहिले. जळू दे म्हटलं. चहावर साय धरली.

आवाज थांबेना. शेवटी उठले. काळजी म्हणून नाही, हे स्पष्ट लिहिते. त्या आवाजाने माझं डोकं उठलं म्हणून उठले. सपाता घातल्या, स्वेटरही न घेता पावसात गेले. "काय करून राहिला रे तू? पंप जाळतो का?" असं ओरडतच दाराची मूठ ओढली.

दार उघडलं आणि आवाज बंद झाला. कोणी बटण दाबावं तसा.

आतून गरम हवा तोंडावर आली. चारही शेगड्या पेटलेल्या, ओव्हनचं दार उघडं, त्यातही आग. ज्योती निळ्या नव्हत्या, पिवळ्या होत्या. मिलिंद टेबल आणि पलंगाच्या मधे पालथा पडलेला. हातात झाडू. चेहरा लाल, लहान मुलाला ताप चढल्यावर असतो तसा. हाक मारली, हलला नाही.

मी त्याचे दोन्ही पाय धरले आणि ओढलं. मी सहासष्ट वर्षांची, तो ऐंशी किलोचा. पायरीवर त्याचं डोकं आपटलं. आपटलं तर आपटलं. अर्धा बाहेर आला आणि माझी ताकद संपली. मग मी ओरडले. शेजारचा डेल — एकटा म्हातारा, शिडीवर चढून पन्हाळीतली पानं काढत होता — तो धावत आला. त्याने मिलिंदला गवतावर घेतलं, श्वास धरून आत जाऊन गॅस बंद केला, सिलिंडरही बंद केला. प्रज्ञा तळघरातून आली ती फोन हातात घेऊनच. ॲम्ब्युलन्स आली, आगीचा बंब आला.

बंबवाल्यांनी बोळे काढले. एकेक ओढून काढत होते आणि गवतावर ठेवत होते. हिरव्या चिंध्या. आतला विषारी वायू कळवायला एक यंत्र असतं कॅम्परमध्ये. ते त्याच बॅटरीवर चालायचं, म्हणून गप्प होतं. प्रज्ञाने चिंध्या पाहिल्या. ती साडी तिने ओळखली. एका माणसाने विचारलं, हे कोणी केलं? मी छातीवर बोट ठेवलं. एवढं इंग्रजी मला येतं.

मिलिंद वाचला. दवाखान्यात बारा दिवस होता. डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता. सगळे मला म्हणायला लागले, आई धावली म्हणून पोरगा वाचला. नागपूरहून फोन आले, तेही हेच म्हणाले. विहारातल्या बायका घरी आल्या, वंदना घेतली, त्याही हेच. मी ऐकून घेतलं.

पंपाचं मी पहिल्याच दिवशी प्रज्ञाला सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, बॅटरीच नव्हती, पंप कसा वाजेल? माझा ड्रायर ऐकला असेल तुम्ही." मला पण वाटलं, असेल. मी म्हातारी, रागात होते. पण दुसऱ्या दिवशी मी तळघरात जाऊन पाहिलं. बॅटरी फळीवर, तिच्या दोन्ही टोकांना मिलिंदने चिकटपट्टी लावलेली, जशीच्या तशी. वायर गॅरेजमध्ये खिळ्याला. ओढायची गाडीही गॅरेजमध्येच होती, कॅम्परला जोडलेलीच नव्हती. कॅम्परमध्ये गेले, पंपाचं बटण बंद होतं. कॉम्प्रेसर अजून पेटीतच. मी बाहेर आले आणि दार लावून घेतलं.

मिलिंद घरी आल्यावर डेल भेटायला आला. ब्रेड भाजून आणला होता. तो बोलत होता आणि प्रज्ञा मला मराठीत सांगत होती. जाता जाता तो म्हणाला, मला एक गोष्ट समजली नाही. त्याच्याकडेही पूर्वी कॅम्पर होता. म्हणाला, त्या दिवशी मी शिडीवर होतो तेव्हा तुमचा पंप ओरडत होता, असा कोरडा पंप कोणी एवढा वेळ चालू ठेवत नाही, मी खाली उतरून सांगणारच होतो...

प्रज्ञा मराठीत सांगता सांगता थांबली.

मी विचारलं, "किती वेळ म्हणाला?"

तिने त्याला विचारलं. "दहा मिनिटं, म्हणतात. पन्हाळीचा एक अख्खा तुकडा साफ होईपर्यंत."

प्रज्ञा खिडकीतून कॅम्परकडेच बघत राहिली. म्हणजे खरंच वाजला होता, म्हणजे बाबाच होते, बाबांनीच तुम्हाला उठवलं, असं म्हणून रडायला लागली. तेव्हापासून तिचं पक्कं झालं आहे. पुण्याचा तिचा एक ओळखीचा इंजिनियर म्हणतो, यंत्रात थोडी वीज शिल्लक राहू शकते. बॅटरी काढून चार तास झाले होते. चार तासांनी दहा मिनिटं चालेल एवढी वीज कुठे बसून राहते? डेल म्हणतो, मी जे ऐकलं ते ऐकलं.

यांचा आत्मा होता असं मी मानत नाही. गेलेला माणूस येत नाही. आणि आलाच असता तर पंप कशाला वाजवेल? बोळे ओढून काढले नसते का त्याने? पोराला हलवलं नसतं? मेकॅनिक माणूस, आधी बिघाड काढला असता. मग तो आवाज काय होता? दोन वर्षं झाली, मला माहीत नाही. कॅम्पर नंतर एकाने ओढून नेला, पंपासकट.

मिलिंद घरी असतो. त्याला तो दिवस आठवत नाही, भांडणही आठवत नाही. एक ओळ तीनदा वाचतो, मग कागद खाली ठेवतो. नोकरी गेली. प्रज्ञा कमावते, मी घर बघते. सकाळी कधी कधी तो स्वयंपाकघरात येऊन विचारतो, "आई, बाबा उठले का?" मी सांगते, "गेले ते. दोन वर्षं झाली." त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं येतं. प्रज्ञा म्हणते, कशाला सांगता, नुसतं हो म्हणा. मी खोटं सांगत नाही.

पण एक सांगितलेलं नाही, ते इथे सांगते. सगळ्यांना वाटतं मी आवाज ऐकला आणि धावले. मी धावले नाही. तो पंप सुरू झाला तेव्हापासून मी ऐकत होते, पहिल्या टर्रर्रपासून. डेलने जी दहा मिनिटं सांगितली ती मी खुर्चीत बसून काढली, चहा समोर ठेवून, जळू दे म्हणत. बोळे मी अजाणतेपणी लावले, त्याची मला लाज आहे पण त्यावर मी झोपू शकते. दहा मिनिटांत माणसाच्या डोक्यातलं किती जातं, हे मी डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारायचं होतं. दुभाषी म्हणून प्रज्ञाच असते.

बॅटरीशिवाय पंप कसा चालला, हे कोणाला माहीत असेल तर कळवा. बाबा, मांत्रिक यांचे पत्ते पाठवू नका, मी जाणार नाही. तुमचा अंक आमच्या घरी येतो आणि प्रज्ञा तो वाचते. हेही वाचेल. मग ती मला जे काय म्हणायचं ते म्हणेल, आणि मी या वेळी लगेच उठेन.